हिरव्या गुरूची काठी

मी चित्रकलेचा शिक्षक होतो. निवृत्त झाल्यावर मला जुन्या खेळण्यांचा नाद लागला. लाकडी गाड्या, पत्र्याच्या मोटारी, किल्ली दिली की टाळ्या वाजवणारी माकडे, असे काही ना काही मी तपासत आणि दुरुस्त करत बसतो. हे माहीत झाल्यामुळे लोक आपली खेळणी माझ्याकडे घेऊन येतात. सगळ्यांचा प्रश्न एकच असतो, "याचे किती येतील?" प्रश्न तीन शब्दांचा आहे, पण उत्तर द्यायला कधी कधी तीन दिवस लागतात.

२०२४ सालच्या पावसाळ्यात आमच्याच इमारतीतील चाची बिस्किटांचा एक जुना डबा घेऊन आल्या. डब्यात कापसावर एक हिरवा बाहुला निजवलेला होता. उंची जेमतेम दोन इंच. मोठे टोकदार कान, सुरकुतलेले कपाळ आणि अंगात कापडी झगा. चाचींचे पती, आमचे चाचा, मूळचे रत्नागिरीकडचे. ते जहाजावर खलाशी होते. १९८१ साली त्यांचे जहाज न्यूयॉर्क बंदरात लागले, तेव्हा त्यांनी हा बाहुला आपल्या सहा वर्षांच्या मुलासाठी विकत घेतला होता. चाचा आता नाहीत. तो मुलगा पन्नाशीला आला आहे.

चाची म्हणाल्या, "मास्तर, मुलाने मोबाइलवर बातमी वाचली. असला एक बाहुला अमेरिकेत चार कोटींना गेला म्हणे. नातीला नर्सिंगला प्रवेश मिळालाय. फी भरायची आहे. तुम्ही नीट बघा आणि जे असेल ते सांगा. माझे मन राखू नका."

बातमी खरी होती. पण ती दुसऱ्याच बाहुल्याची होती.

हे समजण्यासाठी थोडा इतिहास सांगायला हवा. हातपाय वळवता येणाऱ्या अशा बाहुल्याला इंग्रजीत 'ॲक्शन फिगर' म्हणतात. १९६४ साली अमेरिकेतील हॅस्ब्रो कंपनीने 'जी. आय. जो' नावाचा बारा इंची सैनिक बाजारात आणला. मुलगे बाहुली हातात घेणार नाहीत, असे कंपनीला वाटत होते. म्हणून बाहुलीला हे नवे नाव दिले गेले. पुढे १९७७ साली जॉर्ज लुकास यांचा 'स्टार वॉर्स' हा चित्रपट आला. अंतराळात घडणारी ती एक अद्भुत परीकथाच होती. तिच्यातील पात्रांची खेळणी बनवण्याचे काम सिनसिनाटी शहरातील केनर या कंपनीला मिळाले. चित्रपट इतका चालेल, अशी कल्पना नसल्यामुळे त्या वर्षीच्या नाताळापर्यंत बाहुले तयारच झाले नाहीत. तेव्हा कंपनीने काय केले असेल? तिने चक्क बाहुल्यांशिवाय पुठ्ठ्याचे पाकीट विकले! आत एक कागद होता. तो भरून पाठवला, की पुढच्या वर्षी चार बाहुले टपालाने घरी येणार होते. मुलांनी तेही घेतले. मागणी एवढी मोठी होती.

त्यानंतर असे बाहुले कोट्यवधींच्या संख्येने बनले आणि जगभर गेले. बहुतेकांची उंची पावणेचार इंच असे. चाचींच्या डब्यातला बाहुला त्यांपैकीच एक, पण उंचीने लहान. त्याचे नाव योडा. १९८० सालच्या 'द एम्पायर स्ट्राइक्स बॅक' या चित्रपटात तो प्रथम दिसला. योडा हा दलदलीत राहणारा, शेकडो वर्षे जगलेला एक गुरू आहे. चित्रपटाचा नायक मोठ्या योद्ध्याला शोधत त्याच्याकडे येतो आणि या बुटक्या म्हाताऱ्याला ओळखतच नाही. पडद्यावरचा योडाही खरे तर बाहुलाच होता. स्टुअर्ट फ्रीबॉर्न या ब्रिटिश कलावंताने त्याचा चेहरा घडवला आणि त्यात शास्त्रज्ञ आइन्स्टाइन यांच्या चेहऱ्याची छटा आणली. फ्रँक ऑझ यांनी तो बाहुला हलवला आणि त्याला आवाज दिला.

आता ती चार कोटींची गोष्ट. त्याच चित्रमालिकेत बोबा फेट नावाचे एक पात्र आहे. त्याच्या पाठीवरचे छोटे रॉकेट कळ सरकवताच उडेल, असे खेळणे केनर कंपनीने योजले होते. पण ते रॉकेट एखाद्या लहान मुलाच्या घशात अडकेल, ही भीती होती. म्हणून रॉकेट उडवणारा बोबा फेट दुकानात कधी आलाच नाही. चाचणीसाठी बनवलेले मोजके नमुने तेवढे उरले. त्यांपैकी हाताने रंगवलेला एक नमुना २०२४ साली अमेरिकेतील हेरिटेज या लिलावगृहात ५,२५,००० डॉलरना विकला गेला. जे खेळणे मुलांच्या हाती पडलेच नाही, त्याला एवढी किंमत आली. योडा मात्र हजारो घरांत गेला होता.

मी चाचींना हे लगेच सांगितले नाही. आधी बाहुला नीट पाहणे माझे काम होते. टेबलावर पांढरा कागद पसरला, भिंग घेतले आणि एकेक गोष्ट तपासली.

पहिला प्रश्न, अस्सल की नक्कल? केनरच्या बाहुल्यांच्या अंगावर साल आणि मालकी हक्काची खूण बारीक अक्षरांत उमटवलेली असते. ती स्पष्ट होती. प्लॅस्टिकचा रंग आणि कोरीव काम यांतही काही खोट दिसली नाही. बाहुला अस्सल होता.

दुसरा प्रश्न, तो पूर्ण आहे का? योडा विकला जाई, तेव्हा त्याच्याबरोबर कापडी झगा, कमरेचा पट्टा, एक काठी आणि गळ्यात अडकवण्याचा एक साप मिळत असे. झगा होता. पट्टाही होता. काठी आणि साप नव्हते. अशा छोट्या वस्तू पलंगाखाली जातात, केरात जातात. म्हणूनच जुन्या बाहुल्यांच्या बाजारात त्यांना मोल असते.

तिसरा प्रश्न, तो कोणत्या स्थितीत आहे? डोळ्यांवरचा रंग किंचित उडाला होता. झग्याची शिवण एके ठिकाणी उसवलेली असून ती घरच्या काळ्या दोऱ्याने पुन्हा घातली होती. मूळ पुठ्ठा आणि त्यावरचे प्लॅस्टिकचे आवरण अर्थातच शिल्लक नव्हते. अमेरिकेत 'ॲक्शन फिगर ऑथॉरिटी' नावाची एक संस्था आहे. तुमच्या परीक्षेसारखे ती खेळण्यांना शंभरपैकी गुण देते. गंमत अशी, की जो बाहुला कधीच पुठ्ठ्यातून बाहेर निघाला नाही, ज्याला कोणी खेळवलेच नाही, त्याच्यावर संग्राहक सर्वांत जास्त पैसे लावतात. आपला योडा त्या परीक्षेत फार वर आला नसता.

शेवटचा प्रश्न किमतीचा. येथे एक नियम ध्यानात ठेवावा. विकणारा किती मागतो, ते पाहू नये. वस्तू प्रत्यक्षात कितीला विकली गेली, ते पाहावे. मागायला कोणी लाखही मागेल. मी झालेल्या विक्रीच्या किमती पाहिल्या. काठी व साप नसलेल्या, खेळून वापरलेल्या योडाची किंमत हजार-दोन हजार रुपयांच्या आसपास होती.

डब्यातील कापूस उचलला, तेव्हा खाली आणखी एक वस्तू सापडली. नारळाच्या झाडूच्या हिराचा एक तुकडा. तो नखाएवढ्या अंतरावर वाकवून त्याला दोरा गुंडाळला होता. मी चाचींना विचारले. त्या हसून म्हणाल्या, "काठी हरवली तेव्हा पोरगा दोन दिवस जेवला नाही. चाचा घरी होते. त्यांनी केरसुणीतून हीर काढला आणि ही करून दिली."

दुसऱ्या दिवशी चाचींचा मुलगा आला. तो जुन्या बाजारात चौकशी करून आला होता. एका दुकानदाराने त्याला सांगितले होते, "काठी आणि साप मी देतो. नवीन बनवलेले मिळतात. लावून टाकू आणि पूर्ण म्हणून विकू. परदेशातल्या माणसाला काय कळणार?"

मुलगा म्हणाला, "मास्तर, इंचभर काठी आहे. एवढ्याने कोणाचे काय बिघडते?"

त्याचे म्हणणे मला समजत होते. फीची तारीख जवळ आली होती. अशा वेळी आणखी हजार-दोन हजारही मोठे असतात. मी म्हणालो, "नवी काठी लावण्यात काही गैर नाही. ती नवी आहे, हे न सांगणे गैर आहे. घेणारा जास्तीचे पैसे त्याच काठीचे देणार. मी चिठ्ठी लिहीन, तर त्यात काठी नवी आहे असेच लिहीन."

तो गप्प राहिला. चाची इतका वेळ ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, "तुझ्या अब्बांनी हा भाव न करता घेतला होता. दुकानदाराने सांगितले ते खरे मानले. आता विकताना आपण खोटे सांगायचे?" मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "मास्तर, चिठ्ठी लिहा. आहे तसे लिहा."

मी लिहिले : 'बाहुला अस्सल. झगा व पट्टा मूळचे. झग्याची शिवण एके ठिकाणी दुरुस्त केलेली. डोळ्यांवरचा रंग थोडा गेलेला. काठी व साप नाहीत. पुठ्ठा नाही.' खाली सही केली आणि तारीख घातली.

आठ दिवसांनी पुण्याहून एक तरुण संग्राहक आला. त्याने चिठ्ठी वाचली, बाहुला उलटसुलट पाहिला आणि घासाघीस न करता १,५०० रुपये दिले. जाताना त्याची नजर डब्यातल्या हिरावर गेली. "ही काठी पण देता का?" त्याने विचारले. "हिचे वेगळे पैसे देईन."

चाचींनी डब्याचे झाकण लावले. "ती चिठ्ठीत नाही," त्या म्हणाल्या.

दीड हजारांत फी भागली नाही, हे सांगायला नकोच. उरलेले पैसे चाचींनी भिशी उचलून भरले. त्यांची नात नर्सिंग शिकू लागली.

मुलांनो, तुमच्या घरातही एखादे जुने खेळणे असेल. त्याची किंमत काढायची झाली, तर ते कोणी बनवले, किती बनले, त्यातले काय शिल्लक आहे, काय हरवले आहे आणि तशा वस्तूला खरोखर किती पैसे मिळाले, एवढे नीट पाहा. दुसऱ्याच्या बातमीवरून आपल्या वस्तूचा भाव ठरवू नका. आणि जे पाहाल, ते तसेच्या तसे लिहा. हरवलेले हरवले म्हणून लिहिले, की राहिलेल्यावर घेणाऱ्याचा विश्वास बसतो. किंमत काढणाऱ्याचे काम एवढेच. कोणती वस्तू त्या कागदावर घ्यायची आणि कोणती डब्यातच ठेवायची, हे मात्र ज्याचे त्याने ठरवायचे.