सभासदांची नोंदवही

संस्थेची मालमत्ता मोजावयास बसले, की इमारत, पुस्तकांची कपाटे आणि बँकेतील मुदतठेव यांची गणना होते. सभासदांच्या नोंदवहीला त्या ताळेबंदात स्थान नसते. आम्हांस मात्र तीच पहिली मालमत्ता वाटते. सीमाभागातील मराठी मंडळांच्या बाबतीत तर विशेषच. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्याचे विभाजन झाले, तेव्हा जुन्या बीदर जिल्ह्याचेही तीन भाग झाले. बीदर, भालकी, हुमनाबाद, औराद हा भाग म्हैसूर राज्यात आला. उदगीर, निलंगा, अहमदपूर मुंबई राज्यात गेले. जहीराबाद, नारायणखेड आंध्रात गेले. सोयरेधायरे तीन राज्यांचे रहिवासी झाले. पुढे जनवाड्यासारख्या गावांतून मुले शिक्षण-नोकरीसाठी पुणे, हैदराबाद, बंगळूरला पांगली. या साऱ्यांना बांधून ठेवणारा कागद म्हणजे मंडळाची वही. ती बिघडली तर केवळ वार्षिक सभेची गणपूर्ती चुकत नाही; आपली माणसे कोण आणि ती कोठे आहेत, हेच हळूहळू पुसले जाते.

नोंद कशी ठेवावी याचा वस्तुपाठ आपल्या परंपरेतच आहे. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांकडे नामावळीच्या वह्या असतात. यजमानाने आडनाव व मूळ गाव सांगितले, की उपाध्याय नेमके बाड काढतात. त्यात पूर्वी येऊन गेलेल्या आजोबा-पणजोबांनी स्वहस्ते लिहिलेला मजकूर व सही सापडते, आणि नवागत त्यापुढे आपल्या मुलाबाळांची नावे लिहितो. त्या वहीचे तीन नियम ध्यानी घेण्यासारखे आहेत. माहिती ज्याची त्याने द्यावी. जुने न खोडता नवे पुढे लिहावे. आणि शोधण्याची वाट आधीच ठरलेली असावी.

आपल्या मंडळांतून बहुधा याच्या उलट घडते. वर्गणीची पावतीपुस्तके खजिनदारांकडे, पत्त्यांची यादी अंक रवाना करणाऱ्यांकडे आणि भ्रमणध्वनी क्रमांक चिटणिसांच्या खिशात. तिन्ही याद्या एकमेकींस ओळखत नाहीत. संगणक आल्याने हा घोळ मिटला असे नाही. त्याचे रूप तेवढे बदलले. पंचवीसएक वर्षांपूर्वी अनेकांनी आपल्या याद्या श्रीलिपी, शिवाजी अशा टंकांत भरल्या. त्या काळच्या अशा टंकांत रोमन अक्षराच्या जागी देवनागरीचे केवळ चित्र बसवलेले असे. तो टंक नसलेल्या यंत्रावर यादी उघडली, की नावांच्या जागी निरर्थक चिन्हे उमटतात. युनिकोडमध्ये प्रत्येक अक्षराला जगभर एकच क्रमांक असल्याने यंत्र बदलले तरी नाव टिकते. जुन्या याद्या युनिकोडमध्ये आणून छापील प्रतीशी ताडून घेणे, हे काम लांबणीवर टाकण्यासारखे नाही.

नावांचीही गंमत आहे. रोमन लिपीत काळे आणि काले एकच होतात. कानडीत ‘ळ’ असल्याने तेथे ते वेगळे राहतात. लेक माहेरच्या नावाने आजीव सभासद असते आणि सासरच्या नावाने पुन्हा वर्गणी भरते. गुलबर्ग्याचे २०१४ मध्ये कलबुर्गी झाले; माणूस हलला नाही, पण यंत्राच्या लेखी तो दोन शहरांत राहू लागला. प्रत्येक सभासदास कायमचा एक क्रमांक द्यावा आणि तो दुसऱ्या कोणासही पुन्हा देऊ नये, एवढ्याने यातील पुष्कळ गोंधळ आवरतो.

मोठ्या प्रमाणावर हे कसे साधते, ते कर्नाटकाच्या महसूल खात्याने ‘भूमी’ योजनेत दाखवले. या शतकाच्या आरंभी सुमारे ६७ लाख शेतकऱ्यांच्या सुमारे २ कोटी नोंदी संगणकावर आल्या. राज्यसेवेत असल्याने आम्हांस हा बदल जवळून पाहता आला. लोकांच्या स्मरणात राहिली ती पंधरा रुपयांत मिळणारी छापील पहाणी. योजनेचे मर्म मात्र निराळे होते. भरलेली नोंद छापून मूळ दप्तराशी ताडली जाई. फेरफार करणाऱ्या कर्मचाऱ्याच्या बोटाचा ठसा यंत्र घेई. आणि संगणकीय पहाणी सुरू होताच हस्तलिखित पहाणी अग्राह्य ठरवण्यात आली. अस्सल नोंद एकच आणि तिला हात लावणारा ज्ञात, हे दोन दंडक नसते तर यंत्रांचा काही उपयोग नव्हता. तरीही मूळची चूक यंत्राने सुबकपणे छापलीच, आणि ‘तिद्दुपडी’साठी तालुका कचेरीचे खेटे शेतकऱ्यास चुकले नाहीत.

मंडळास महागडी प्रणाली नको. काहीशे नावांना संगणकावरील साधा तक्ता पुरतो. तो सांभाळणारा एक, त्याला पर्याय दुसरा. प्रत्येक बदलापुढे तारीख व बदलणाऱ्याचे नाव. एक प्रत दुसऱ्या ठिकाणी आणि वर्षाकाठी एक छापील प्रत कपाटात. वर्षातून एकदा अंकासोबत प्रत्येकास त्याचीच नोंद धाडावी आणि दुरुस्त करून परत मागवावी. दिवंगत सभासदाचे नाव पुसू नये. निधनाची तारीख लिहून ते वेगळ्या पानावर न्यावे. वारलेल्या गृहस्थाच्या नावाचा अंक आणि थकबाकीचे पत्र वर्षानुवर्षे त्याच्या पत्नीच्या हाती पडत राहावे, याहून मोठा अनादर कोणता?

माहिती घेताना मर्यादाही हवी. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम २०२३ मध्ये संमत झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. त्यांची अंमलबजावणी टप्प्याटप्प्याने करण्याची तरतूद आहे. माहिती सांगितलेल्या कामापुरतीच वापरावी, ती दुरुस्त करण्याचा हक्क ज्याची त्याला असावा, हे त्याचे सार. कायद्याची वाट न पाहताही हे पाळता येते. अंकासाठी दिलेला क्रमांक विमा एजंटाच्या वा निवडणुकीतील उमेदवाराच्या हाती गेला, की सभासद पुढच्या वेळी खरा क्रमांक देत नाही. वहीवरचा विश्वास असा तडकतो.

जे विचारू नये ते विचारू नये, हे खरे. पण एक रकाना मात्र आम्ही आवर्जून घालू : ‘घरात मराठी वाचणारे किती?’ पिढ्यान्‌पिढ्या येथे नांदणाऱ्या आपल्या घराण्यांतील नातवंडे कानडी वा इंग्रजी माध्यमात शिकतात. मराठी बोलतात, परंतु वाचतातच असे नाही. घरी येणारा अंक आजोबांच्या नावाचा असतो आणि त्यांच्यामागे तो उघडणारा कोणी आहे का, हे कोणत्याच यादीत लिहिलेले नसते. तो आकडा उणा आला तरी वेळीच कळलेला बरा. कोणत्या गावी मुलांसाठी वाचनवर्ग काढावा, कोणाच्या दारी पुस्तकांची पेटी पोहोचवावी, हे मग अंदाजाने नव्हे, वही पाहून ठरवता येईल.