विळी माळ्यावर

ओसीडी म्हटलं की सारखे हात धुणारं माणूस डोळ्यांपुढे येतं. माझे हात कोरडेच असायचे. सगळं चालायचं ते डोक्यात.

बाळंतपणानंतर नुकतीच माहेराहून आले होते. मुलगी दुपट्यावर हातपाय झाडत पडलेली, मी शेजारी विळीवर कोबी चिरत होते. एकदम मनात आलं, ही विळी तिच्यावर चालवली तर? दरदरून घाम फुटला. विळी माळ्यावर गेली, मागोमाग सुऱ्या, कात्री, नारळ सोलायचा कोयतासुद्धा. रात्री नवऱ्याला उठवून विचारायचे, "मी हिला काही करणार नाही ना?" तो झोपेतच म्हणायचा, "नाही गं." कूस बदलेपर्यंत शंका परत हजर. सासूबाईंनी मीठमोहऱ्यांनी दृष्टही काढली.

मानसोपचारतज्ज्ञ बाईंना सांगताना वाटलं, आता या पोलिसांना बोलावणार. त्यांनी एवढंच विचारलं, "असं मनात आलं की करावंसं वाटतं, की भीती वाटते?" भीती, दुसरं काय! मग कळलं, असले विचार बहुतेकांच्या मनात येऊन जातात. 1978 साली रॅकमन आणि डिसिल्व्हा यांनी ते अभ्यासातून दाखवलं होतं. लोक विचार झटकून कामाला लागतात. मी त्याची उलटतपासणी घेत बसायचे. (आवाज ऐकू येणं, बाळाला इजा करणंच योग्य वाटू लागणं, हा आजार वेगळा. तिथे लगेच दवाखाना गाठायचा.)

अंगावर पाजत होते म्हणून सर्ट्रालिन दिलं. ओसीडीत गुण यायला आठ-बारा आठवडेही लागतात. पण कस लागला तो दुसऱ्या उपचारात. ज्याची भीती त्याच्या समोर बसायचं आणि नेहमीची पळवाट बंद ठेवायची. व्हिक्टर मेयर यांनी 1966 मध्ये मांडलेली ही रीत. विळी आधी मिटून ओट्यावर, मग उघडी, मग मुलगी त्याच खोलीत असताना कोथिंबीर चिरायची. छाती धडधडली तरी उठायचं नाही. धडधड आपसूक उतरते, यावर माझा काडीचा विश्वास नव्हता. ती उतरली.

नवऱ्यालाही गृहपाठ होता: उत्तर द्यायचं नाही. त्याच्या प्रेमळ "नाही गं"वरच माझी शंका पोसली जात होती. तो गप्प राहिला की मला भयंकर राग यायचा.

मुलगी आता शाळेत जाते. विचार अजून अधूनमधून डोकावतो, मी चिरायची थांबत नाही. नवरा मात्र, "भाजी कुठली करू?" विचारलं तरी आधी संशयानं बघतो.