पडद्यामागची शी

शूचं आमच्या नातीला चटकन जमलं. पावणेतीन वर्षांची होईतो "आजी, शू!" असं ओरडत, चड्डी खाली ओढत ती स्वतःच बाथरूमकडे पळायला लागली होती. घोडं अडलं ते शीवर. शी आली की बाईसाहेब डायपर मागायच्या. तो चढवला की हॉलच्या पडद्यामागे जाऊन उभ्या राहायच्या आणि "कुणी बघू नका" असा हुकूम सोडायच्या. डायपर दिला नाही तर शी नाही. आज नाही, उद्याही नाही. पॉटीचं नाव काढलं की रडून घर डोक्यावर.

जूनमध्ये प्लेग्रुप सुरू व्हायचा होता आणि डायपर लावणारं मूल घेणार नाही असं तिथल्या बाईंनी बजावलं होतं. मग काय, जो तो तिच्या मागे. मुलगा चॉकलेट कबूल करायचा, सून मोबाइलवर कार्टून लावून पॉटीवर बसवून बघायची, शेजारच्या वहिनींचं आपलं एकच, "लाडावलीय हो. द्या दोन धपाटे."

मी स्वतः दोन मुलं लंगोटावर वाढवली. जमिनीवर पाय लांब करून बसायचं, पावलांवर बाळाला टेकवायचं आणि तोंडाने 'सूऽऽ' करायचं. सहा-सात महिन्यांची पोरं आपलं काम उरकायची. पण खरं सांगायचं तर त्यात बाळ फारसं काही शिकत नसे. पाजल्यावर किती वेळाने धरायचं, कसं तोंड केलं की उचलायचं, हे आईला कळत असे. लंगोट तिलाच धुवायचे असत, त्यामुळे तिचं लक्षही असे. 'नाही' म्हणता येणाऱ्या पोरीला पावलांवर कशी बसवणार?

सुनेने बरंच वाचून काढलं होतं. अमेरिकेतले बालरोगतज्ज्ञ टी. बेरी ब्रेझल्टन यांनी १९६२ साली आपल्या दवाखान्यातल्या १,१७० मुलांच्या नोंदी छापल्या. मूल तयारी दाखवेपर्यंत थांबायचं, ही त्यांची रीत. त्या मुलांना दिवसाचं नियंत्रण सरासरी २८.५ महिन्यांना आलं. "सरासरीच ती, आई. आपली जरा मागे आहे, एवढंच," सून म्हणाली. मला ते पटेना. शूला तयार असलेली मुलगी शीला तयार नाही, हे कसं?

एका दुपारी पडद्याच्या फटीतून नीट बघितलं. टाचा उचललेल्या, पायात पाय अडकवलेले, कुल्ले आवळून घेतलेले, तोंड लालबुंद, पडद्याची कड मुठीत. कुणालाही वाटावं, जोर लावतेय. मिनिटभराने ती सैल पडली आणि भातुकलीकडे गेली. डायपर कोरडाच.

डॉक्टरांना हे जसंच्या तसं करून दाखवलं. त्यांनी पोट चाचपलं आणि म्हणाले, "आजी, ती जोर लावत नाहीये, शी रोखून धरतेय." कधीतरी एकदा शी कडक झाली, होताना दुखलं, की मूल पुढची कळ दाबून टाकतं. थांबलेल्या शीतलं पाणी आतडं शोषून घेत राहतं, ती आणखी टणक होते आणि पुढच्या वेळी आणखी दुखतं. त्यात आमच्याकडे दिवसभर दुधाची बाटली आणि जेवण नावाला. दूध अर्ध्या लिटरच्या आत आणा, भाजी-फळं, पाणी वाढवा, असं त्यांनी सांगितलं. शी मऊ ठेवणारं औषध दिलं आणि दोन दिवस बरं वाटलं म्हणून ते बंद करायचं नाही, अशी ताकीदही. मी विड्याच्या पानाच्या देठाचा विषय काढला, तर त्यांनी चक्क हात जोडले. "तिथे आता काही घालू नका. तीच तर भीती बसलीय तिला. आणि डायपर मागितला तर मुकाट्याने द्या."

पॉटी माळ्यावर गेली. चॉकलेटं बंद, प्रश्न बंद. "ई, घाण" म्हणायलाही मी घरात सगळ्यांना मनाई केली. शी मऊ व्हायला लागली तशी ती पडद्यामागून हसत बाहेर येऊ लागली. मग सुनेने एकच अट घातली: डायपर मिळेल, पण उभं राहायचं बाथरूमच्या दाराशी. पुढे दाराच्या आत. पुढे डायपर लावूनच कमोडवर, छोटी सीट टाकून. जेवण झालं की आतड्यांची हालचाल वाढते, म्हणून वेळ जेवणानंतरची. पाय लोंबकळले तर शीला नीट जोर लावता येत नाही, पायाखाली काहीतरी हवं. सून स्वयंपाकघरातला पाट उचलायला निघाली! मी म्हटलं, "अगं, त्यावर बसून पाहुणे जेवतात. प्लास्टिकचं स्टूल आण." बसल्या बसल्या तिला साबणाचे फुगे फुंकायला दिले. फुंकताना पोटावर आपसूक जोर येतो, हेही डॉक्टरांचंच.

सून डायपरच्या पट्ट्या हळूहळू सैल करत गेली. शेवटी तो नुसता सीटवर अंथरलेला असायचा, आणि एक दिवस नातच म्हणाली, "हे नको, टोचतं." फ्लशच्या आवाजाला घाबरायची, म्हणून तो ती बाहेर गेल्यावरच करायचो. आता ती स्वतः बटण दाबते आणि शीला टाटा करते.

प्लेग्रुपला ती जुलै उजाडल्यावर गेली. रात्रीचा डायपर अजून आहे, आणि त्याची आम्हाला घाई नाही. तुमच्या घरी असं मूल असेल, शी करताना रडत असेल, दोन-तीन दिवस शी होत नसेल किंवा रक्ताचा ठिपका दिसला असेल, तर पॉटी बाजूला ठेवा आणि आधी डॉक्टरांना दाखवा. धपाट्यांचा सल्ला देणाऱ्या वहिनी तुमच्याही शेजारी असतीलच, त्यांना चहा पाजून परत पाठवा.