आमच्या गावच्या नावातली स्पेस

मी कारंजाचा. म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला, "लाड की घाडगे?" वाशीम जिल्ह्यातलं ते कारंजा (लाड), वर्धा जिल्ह्यातलं आमचं कारंजा (घाडगे). माणसांना एवढं पुरतं. लिनक्सच्या शेलला पुरत नाही, हे माझ्या रूम पार्टनरच्या प्रोजेक्टमध्ये कळलं.

विदर्भातल्या पावसाचे आकडे त्याने तालुकावार फोल्डरमध्ये ठेवले होते. वाशीमकडच्या फोल्डरचं नाव नुसतं "कारंजा", आमच्याचं "कारंजा (घाडगे)". वर्धा जिल्ह्याचे सुधारित आकडे आले, म्हणून तिथल्या ८ तालुक्यांचे जुने फोल्डर उडवायला साहेबांनी ५ ओळींची स्क्रिप्ट लिहिली. आर्वी गेलं, आष्टी गेलं. आमचं मात्र जागच्या जागी, आणि वाशीमचं कारंजा साफ! सबमिशन २ दिवसांवर, बॅकअप नाही. "काहून बे, तुह्या गावाले साधं नाव नाही भेटलं का?" म्हणत पठ्ठ्या रात्रभर आकडे टाइप करत बसला. (मीही बसलो. गाव माझं ना!)

झालं असं, की तालुक्याचं नाव व्हेरिएबलमध्ये एकसंध आलं होतं. पण 'आरएम'पुढे व्हेरिएबल अवतरणाशिवाय लिहिलं, की शेल आधी त्यातला मजकूर भरतो आणि मग तो स्पेसवर तोडतो. आर्ग्युमेंट झाले दोन: "कारंजा" आणि "(घाडगे)". पहिलं सापडलं, उडालं. दुसरं नव्हतंच, पण 'मायनस एफ' लावलेला, म्हणून तक्रारसुद्धा नाही. व्हेरिएबल दुहेरी अवतरणात लिहायचं, बस्स. एकेरी चालत नाही, त्यात डॉलरचा डॉलरच राहतो. गंमत म्हणजे हाच कंस हाताने टाइप केला तर शेल सिंटॅक्स एरर देऊन थांबतो. व्हेरिएबलमधून आला तर चूप. आणि आर्ग्युमेंट जसेच्या तसे दुसऱ्या स्क्रिप्टला द्यायचे तर "$@", तेही अवतरणासकट. नुसतं $* लिहिलं की पुन्हा तुकडे.

यात मोठमोठे सापडलेत. नोव्हेंबर २००१ मध्ये ॲपलच्या आयट्यून्स २.० च्या इन्स्टॉलरने, डिस्कच्या नावात स्पेस असलेल्या काही लोकांचा डेटाच पुसला. कारण हेच, स्क्रिप्टमध्ये अवतरण नव्हतं. २०११ मध्ये बंबलबी नावाच्या प्रोजेक्टमध्ये उलटं झालं: पाथमध्ये एक स्पेस जास्तीची पडली आणि 'यूएसआर' हा अख्खा फोल्डर उडायला लागला.

पार्टनरने मग आमच्या गावाला अंडरस्कोअर लावून टाकला. मला काही ते पटलं नाही. यादीत अजून सिंदखेड राजा, नांदगाव खंडेश्वर आणि चांदूर बाजार होतेच.