घसरण्याचा गुण

पिंपरीपासून चाकणपर्यंतच्या या कारखानदारीच्या मुलखात घसरणे हा यंत्राचा गुन्हाच मानला जातो. पट्टा घसरला की मुकादमाकडे तक्रार जाते, आणि आकुर्डीत घडलेल्या चेतक स्कूटरचा क्लच घसरू लागला की तिचा मालक तातडीने गॅरेजात रुजू होतो. अशा मुलखात, भोसरीच्या टूलरूममध्ये ज्यांची उभी हयात मायक्रॉनांच्या हिशेबात गेली त्या माझ्या शेजाऱ्यांनी निवृत्तीनंतर जुने रेंजफाइंडर कॅमेरे उघडून, त्यांतील टेक-अप स्पूल पुन्हा नीट घसरू लागावे म्हणून दुपारच्या दुपारी खर्ची घालाव्यात, याचे मला मोठे कौतुक वाटते.

कॅमेऱ्यात फिल्मचा कारभार दोघांकडे वाटून दिलेला असतो. दातेरी चाक कडेच्या भोकांत दात गुंतवून दर चित्रामागे आठ भोके, म्हणजे ३८ मिलिमीटर, एवढीच फिल्म मोजून पुढे सोडते, आणि स्पूल ती गुंडाळून घेते. परंतु वेढ्यांवर वेढे चढून स्पूलचा घेर जसजसा वाढतो, तसतशी एका फेऱ्यात ते अधिकाधिक फिल्म मागू लागते. मोजणाऱ्याचे माप अचल, घेणाऱ्याची क्षुधा मात्र वर्धमान, अशी ही विषम भागीदारी! लायका आणि तिच्या धर्तीवर घडलेली सोव्हिएत झोर्की यांसारख्या कॅमेऱ्यांत या विषमतेचा बंदोबस्त घर्षणाने केलेला असतो : स्पूल फिल्म ओढते, पण ओढ मर्यादेबाहेर जाताच निमूटपणे घसरते.

१९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली, त्याच साली जर्मनीत लायका एम-३ अवतरला. त्या वयाच्या कॅमेऱ्यातले मूळ वंगण आज लाखेसारखे थिजलेले असले तर नवल नाही. ते घर्षणाच्या जागी चिकटले, की शेवटच्या चित्रांना लिव्हर जड होतो आणि फिल्मची भोके फाटतात. उलट, स्पूल बुशातच अडकले, तर फिल्म आतल्या आत चुण्या होऊन साचते. लक्षणे परस्परविरुद्ध असली तरी मूळ बहुधा एकच. त्यावर पक्कड चालवणे किंवा फटीतून स्प्रेचा फवारा मारणे हा मला निखालस अविचार वाटतो.

शेजारी प्रथम मागचे झाकण उघडून लिव्हर फिरवतात आणि बोटाने स्पूल हलकेच रोखतात. ते बोटाखाली थोडी ओढ दाखवून सरकले, तर प्रकृती ठीक. नाहीतर तळाचे झाकण काढून, प्रत्येक शिम कोणत्या क्रमाने निघाली त्याचा कागदावर दाखला ठेवून, लायटरच्या पेट्रोलने जुने वंगण धुतात, स्प्रिंगचा दाब तपासतात, आणि वाया गेलेला रोल अखेरपर्यंत फिरवून परीक्षा घेतल्याखेरीज झाकण बसवीत नाहीत. तेल मात्र सुईच्या टोकावर राहील इतकेच. अधिक झाले तर वैशाखात ते पाझरत शटरच्या कापडी पडद्यापर्यंत पोहोचते, आणि मग त्याच कॅमेऱ्याचे दुसरे दप्तर उघडावे लागते.