गंगावेश, मोतीबाग आणि लातूर

नांदेडहून लातूरला निघालं की लोह्यापुढे माळेगाव लागतं. यात्रेचे दिवस होते. खंडोबाचं दर्शन घाईतच उरकलं, घोड्यांचा बाजार ओझरता पाहिला आणि कुस्त्यांचा फड गाठला. शेजारी बसलेले एक म्हातारे वस्ताद म्हणाले, "एकोणसत्तरची कुस्ती लातूरला झाली. तिथली माती बघून या."

तेवढ्यावर अहमदपूरमार्गे लातूर गाठलं. लॉजवर पाणी नव्हतं, डास मात्र भरपूर. गंजगोलाईला एक चक्कर मारली आणि इतिहासाच्या एका निवृत्त प्राध्यापकांचं घर शोधलं.

१९६९ साली लातूर हे उस्मानाबाद जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव होतं. स्वतंत्र जिल्हा व्हायला १९८२ उजाडलं. त्या गावात महाराष्ट्र केसरीचा आखाडा भरला आणि निलंगा तालुक्यातल्या रामलिंग मुदगडच्या हरिश्चंद्र बिराजदारांनी दादू चौगुलेंना हरवून किताब घेतला. मराठवाड्याचा पैलवान, मराठवाड्याच्या मातीत! मला अजून भरून येतं.

सर मात्र अडून बसले. "बिराजदार गंगावेश तालमीचे, चौगुले मोतीबागेचे. कोल्हापूरच्या दोन तालमी इथं येऊन भिडल्या. यात तुमचं काय?" मग त्यांनी रग्बीतल्या कलकत्ता कपाची गोष्ट काढली. कलकत्त्याचा रग्बी क्लब मोडला तेव्हा तिथल्या इंग्रजांनी बँकेतले चांदीचे रुपये काढून वितळवले आणि नागांच्या मुठी असलेला चषक घडवून १८७८ साली इंग्लंडला दिला. १८७९ पासून इंग्लंड आणि स्कॉटलंड त्यासाठी झुंजतात. "चांदी आपली म्हणून चषक आपला झाला का?"

मी ऐकलं नाही. चषक दर वर्षी नव्यानं जिंकावा लागतो. केसरीचा किताब पैलवानाच्या नावाला जन्मभर चिकटतो आणि त्या नावाला गाव असतं. शाहू महाराजांनी तालमींना आश्रय दिला, कुस्तीचं खासबाग मैदान उभारलं, म्हणून आमची पोरं कोल्हापूरला गेली. हे ऋण मोठं आहे, मान्य. पण बिराजदारांनीही पुढे पुण्यात गोकुळ वस्ताद तालमीत बीडच्या राहुल आवारेसारखे मल्ल घडवलेच ना?

सर जरा थांबले. मग १९७७ ची बेळगावची कुस्ती निघाली, दिल्लीच्या सतपालला बिराजदारांनी हरवलं ती. तरुणपणी सर ती बघायला ट्रकच्या टपावर बसून गेले होते. "तिथं गंगावेश आणि मोतीबाग एकाच बाजूनं ओरडत होते," ते म्हणाले आणि उठून आतून जुन्या कात्रणांची वही घेऊन आले.