आठचा आकडा

पोरं घाबरतात नियमांना आणि अडकतात आठच्या आकड्यात. ड्रोन पायलटच्या प्रात्यक्षिक परीक्षेत हवेत आठ काढायचा असतो, ड्रोनचं नाक सतत पुढच्या दिशेला ठेवून. ड्रोन पाठ करून लांब जातोय तोवर सगळं सरळ असतं. तो वळून तोंड आपल्याकडं करतो आणि डावं उजवं होतं. बोटांना ते कळत नाही. रोज फवारणीचा ड्रोन उडवणारी पोरंसुद्धा इथं गडबडतात, कारण शिवारात मशीन आपोआप तास धरून जातं. हात वळलेलाच नसतो.

सांगोल्यात मी पोरांची तयारी करून घेतो. प्रमाणपत्र मात्र नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची मान्यता असलेली संस्थाच देते, तेही तिथं शिकून चाचणी दिल्यावरच. 25 ऑगस्ट 2021 च्या ड्रोन नियमांनी वाट बरीच सोपी केली : वय 18 ते 65, दहावी पास, प्रमाणपत्र 10 वर्षांचं. 2023 मध्ये पासपोर्टची अटही गेली. बचत गटातल्या बायकांसाठी मला हाच बदल सगळ्यात मोठा वाटतो. रेशन कार्ड घरात असतं, पासपोर्ट कुठून आणणार?

लेखी भागात घोकणारे फसतात ते वजनाला. 250 ग्रॅमपर्यंत नॅनो, 2 किलोपर्यंत मायक्रो, 25 किलोपर्यंत स्मॉल, हे तोंडपाठ असतं. पण वजन धरायचं ते टाकी भरून, बॅटरीसकट. दुसरी अडचण झुलू वेळेची. आपल्याकडं पहाटेचे साडेपाच वाजतात तेव्हा विमानवाल्यांच्या घड्याळात शून्य वाजलेले असतात. आमच्याकडं तोवर धारा काढून होतात.

हवामानाचा धडा मात्र इथल्या पोरांना शिकवावा लागत नाही, असं मला पूर्वी वाटायचं. माणकाठचा दुष्काळी मुलूख. वारं कधी उठतं, वावटळ कुठून येते, हे त्यांना माहीत. तापलेली हवा विरळ होते, पंख्यांना जास्त राबावं लागतं आणि बॅटरी लवकर उतरते, हेही चटकन पटतं. पण सगळे एका ठिकाणी चुकतात. पहाटे पान हलत नाही, म्हणजे फवारणीला उत्तम वेळ, असा पक्का समज. निरभ्र रात्रीनंतर जमिनीलगत गार हवा आणि तिच्यावर उबदार हवेचं झाकण बसलेलं असतं. औषधाचे बारीक थेंब खाली बसत नाहीत, तरंगत राहतात आणि शेजाऱ्याच्या रानात जातात. धुराटीचा धूर सरळ वर न जाता आडवा पसरला, तर थांबायचं, एवढं मी सांगतो.

डाळिंबाबद्दल माझं मत कुणाला आवडत नाही. भगवा वाणाच्या दाट झाडात, पानाखाली, ड्रोनचं औषध हवं तसं पोचत नाही. तेल्या रोगासाठी ब्लोअरच बरा. ज्वारी, मका आणि माणूस शिरू शकत नाही असा ऊस, ही ड्रोनची खरी कामं.

ड्रोन कुठं उडवता येतो ते दाखवणाऱ्या नकाशातही पोरं चुकतात. हिरव्या पट्ट्यात 400 फुटांपर्यंत परवानगी लागत नाही, म्हणून पोरं नकाशा एकदाच बघतात. पोलीस अधीक्षक कुठलाही भाग 96 तासांपर्यंत लाल करू शकतात. पंढरपूर हाकेच्या अंतरावर आहे, वारीच्या दिवसांत हे विसरून चालत नाही.

आठच्या आकड्यावर माझा उपाय बिनखर्चाचा आहे. दोन झाडं धरायची, हातात रिमोट घेतल्यासारखं करायचं आणि नाकासमोर बघत त्यांच्याभोवती आठ चालायचा, तोंडानं "डावं, उजवं" म्हणत. स्वतः ड्रोन झालं की बोटं सुधारतात. बचत गटातली एक मुलगी सध्या रोज संध्याकाळी डाळिंबाच्या दोन झाडांभोवती अशी फिरते. तिची चाचणी दिवाळीनंतर आहे. परवा बांधावरून तिच्या सासूबाईंनी हाक मारली, "काय हरवलंय गं?"